शांताबाईंनी काडी ओढली नाही

खरं सांगायचं तर मी आग बघायला गेलो होतो. हिंगोलीकडे एका तांड्यावर लोक माळरान मुद्दाम जाळतात आणि त्यातूनच माळ राखायचे पैसे उभे राहतात, असं मित्र म्हणाला. म्हटलं, काहीतरीच काय! पण फोटो झकास मिळतील. डिसेंबरात रजा टाकली.

हिंगोलीहून वाशीमच्या बसने कनेरगाव नाक्याला उतरलो. ढाब्यावर पिठलं-भाकरी स्वस्त आणि मस्त. ठेचा मात्र जपून खा, माझं नाक गोरेगावपर्यंत वाहत होतं. गोरेगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊच नका. तिथून पुढे तांड्यापर्यंत पायी. रस्ता आहे, असं म्हणतात.

तांड्यावर शांताबाई भेटल्या. साठीच्या, आवाज खणखणीत. त्या आणि आणखी तिघी जणी उन्हाळाभर माळावर फिरून वणव्यावर नजर ठेवतात. हिवाळ्यात गवत बुडाशी ओलं असताना पट्टे जाळले की उन्हाळ्यात सगळा माळ पेटत नाही, धूर कमी होतो. त्या वाचलेल्या धुरापोटी शहरातली एक कंपनी, स्वतःच्या कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून, पैसे देते, त्यातून या चौघींचा पगार. अट एकच, जाळताना कंपनीचा माणूस हजर हवा. ते साहेब त्याच दिवशी आले होते आणि संध्याकाळी परतणार होते.

ससे-तितर उठून जावेत म्हणून बाया थाळ्या बडवत माळ फिरून आल्या. पाण्याचे पंप, लिंबाचे ओले डहाळे, सगळी तयारी झाली. शांताबाईंनी गवत मुठीत दाबून बघितलं, चिमूटभर माती उडवली आणि काडेपेटी कमरेला खोचली.

"आज न्हाई. वारं तांड्याकडं हाय."

"बाई, आज नाही झालं तर हा पट्टा हिशेबात धरता येणार नाही," साहेब म्हणाले. "पगार बुडेल तुमचाच."

"बुडू द्या. तांड्यातला कडबा तर वाचंल."

साहेबांनी चार वाजेपर्यंत घड्याळ बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब येऊन फोटो नाही!

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वारा फिरला. शांताबाईंनी काडी ओढली. आग जेमतेम घोट्याएवढी, सारवण करावं तशी हळूहळू पुढे सरकत गेली. दिवस मावळायच्या आत विझलीसुद्धा.

"मावशी, साहेब तर गेले. मग आता कशाला जाळलंत?"

"काहून म्हंजे? चैतातली आग साहेबाला इचारून येती का, भाऊ?"

जायचंच असेल तर सुती कपडे घाला आणि ज्वाळांची अपेक्षा ठेवू नका. माझ्या फोटोंत नुसती काळी जमीन आणि डहाळे घेतलेल्या चार बाया होत्या. पुसून टाकणार होतो, राहून गेलं.

एप्रिलात शांताबाईंचा फोन आला. रस्त्याकडून वणवा आला होता. पट्ट्यापाशी येऊन अडला, उरलेला चौघींनी झोडपून विझवला. मला एकदम इतकं बरं वाटलं की माझं मलाच नवल वाटलं. मग विचारलं, "आणि पगार?"

"न्हाई आला."

"तरी तुम्ही माळावर होता?"

"मंग? घरं कोनाची जळनार होती, साहेबाची?"