मोडीत निघालेली घंटा

आमचं जहाज कधीच बुडणार नाही, असं कप्तान छाती ठोकून सांगायचे. शब्द खरा ठरला. सत्तरीचं दशक सरता सरता हौशी मंडळी विमानाने उडू लागली, डेकवर प्रवाशांपेक्षा खुर्च्या जास्त दिसू लागल्या, आणि जहाज न बुडता थेट मुंबईच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. वीस वर्षं मी त्यावर वाढपी होतो. पाहुण्यांना जेवायला बोलावायची पितळी घंटा मी वाजवायचो. निदान ती तरी घरी आणावी, एवढाच हट्ट होता. भंगारवाला म्हणाला, "पितळ भांडी घडवायला भंडाऱ्याला गेलं."

म्हणून मी, रत्नागिरीचा खारा माणूस, भंडारा रोडला उतरलो. स्टेशनच्या नावात भंडारा आहे. गाव मात्र टांग्याने गाठावं लागतं. खानावळीत भात आणि लाखोरीचं वरण (लाखोरी म्हणजे धान कापल्यावर त्याच शेतात पेरतात ते कडधान्य) मिळालं. मालक "अजून घ्या जी" म्हणत शेजारीच उभा. असल्या आग्रहाने आमची कंपनी केव्हाच बुडाली असती. ती आग्रहाशिवायच बुडाली, ते सोडा.

भांडी घडवणारे किसनराव कासार माझी कहाणी ऐकून चकित झाले.

"घंटीसाठी इतके दूर? काहून जी, तिकडं घंट्या नाही भेटत?" मग त्यांनी तीन गुंड (पाण्याच्या पितळी घागरी) दाखवले. "तुमची घंटी परवाच मुशीत गेली. हे त्याच मोडीचे. कोन्त्यात उतरली, आता कसं सांगू?"

एवढ्यात आंधळगावची एक बाई आली आणि गुंडांवर टिचक्या मारू लागली. पहिला बद्द. दुसरा बद्द. तिसरा खणखणला आणि खणखणतच राहिला. पितळाला आठवण नसते, हे मलाही कळतं. पण तो आवाज माझा होता.

"पोरगी सानगडीले देऊन राहिलो," बाई मला म्हणाली. "आंदनाचा गुंड हाय. मोडीतला मले नाई पायजे. तुमी पावने, तुमीच खरं सांगा, नवा हाय ना?"

किसनराव छताकडे पाहू लागले. मी खरं बोललो असतो तर तिने गुंड खाली ठेवला असता आणि तो माझा झाला असता. पण शिळा मासा ताजा म्हणून वाढण्यात माझी हयात गेलेली.

"एकदम नवा, बाई," मी म्हणालो.

तिने तो कडेवर घेतला नि गेली. मी उरलेल्यातला एक घेतला. परतीच्या गाडीत तो मांडीवर धरून विचार करत होतो: जहाज मोडलं की त्याचा गुंड तरी होतो, वाढप्याचं काय होतं?

घरी बायकोने टिचकी मारली. "हा तर बद्द वाजतो. आणि घंटा कुठाय?"

"सानगडीला गेली," मी म्हटलं. "सासरी."