ओल्या गोणपाटाखालची फ्लॉपी

१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. ही तारीख निर्विवाद आहे. त्या दिवशी मखमलाबादची भाग्यश्री मौले तिसरीत होती की चौथीत, याबद्दल मात्र तिचे आणि तिच्या आईचे आजही एकमत नाही. पुढील हकिकत या दोघींच्या आणि भाग्यश्रीच्या शिक्षकांच्या सांगण्यावरून लिहिली आहे. जिथे त्यांचे जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

मौल्यांची शेती गुलाबाची आणि थोडी भाजीपाल्याची. बारावीनंतर भाग्यश्रीने या विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमाला नाव घातले, कारण वर्ग सुटीच्या दिवशी भरत आणि एरवी फुलांच्या तोडणीला ती घरी राहू शके. वडील गोटीराम यांची अट एकच होती.

"यंदा पास झाली, तर पुढचं शिक्षण माझ्याकडं लागलं. नाय झाली, तर गुलाबाला माणूस कमीच हाय."

शहरातल्या अभ्यासकेंद्रात शिकवणारे देवरे सर मूळचे देवळ्याचे, कांदेवाल्यांच्या घरातले. एका रविवारी ते 'स्टॅक' ही संकल्पना ताटांच्या चळतीवरून समजावत होते. शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावे लागते, एवढे वाक्य पुरे होण्याआधीच भाग्यश्री उठून उभी राहिली.

"सर, हा तर आमचा टेम्पो!"

वर्ग हसला. ती थांबली नाही. टेम्पो आधी देवळाली कॅम्पला जातो, मग घोटीला. म्हणून घोटीच्या पेट्या आधी आत सरकवायच्या आणि कॅम्पच्या शेवटी, दाराशी. उलटे झाले, तर भर बाजारात सगळा माल रस्त्यावर मांडावा लागतो. लहानपणापासून ती हेच करत आली होती. त्याला नाव असते, हे तिला त्या क्षणी कळले.

"मग ताटं राहू देत बाजूला," सर म्हणाले. "तुझा प्रोजेक्ट हाच."

मागण्या भरल्या की पेट्या कोणत्या क्रमाने चढवायच्या ते सांगणारा प्रोग्राम तिने सी भाषेत लिहिला. पहिल्यांदा पडद्यावर घोटीचे नाव वर आणि कॅम्पचे शेवटी उमटले, तेव्हा तिने शेजारच्या मुलीचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली, असे देवरे सर सांगतात. भाग्यश्रीला हे आठवत नाही.

केंद्रातील संगणक सामायिक असल्याने ज्याचे काम त्याने फ्लॉपीवर घरी न्यायचे, असा रिवाज होता. मे २००१ मध्ये, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, भाग्यश्रीने फ्लॉपी आईच्या हाती दिली आणि बजावले, "आई, हिला उन्हाची झळ लागू देऊ नको. तापली तर सगळं जाईल."

आई, मालनबाई, यांच्या घरात झळ लागू नये अशी वस्तू ठेवण्याची एकच रीत होती. सकाळी फ्लॉपी गुलाबांच्या जुड्यांशेजारी, ओल्या गोणपाटाखाली सापडली.

"आई! ही भिजली!"

"भिजनारच की. त्याबिगर गार कशी राहील? फुलाला चालतं, मग हिला काय झालं?"

मालनबाईंच्या मते फ्लॉपी जरा ओलसर होती. भाग्यश्रीच्या मते तिच्यातून पाणी ठिबकत होते. पुढे जे घडले, त्यावरून मुलीची साक्ष अधिक ग्राह्य वाटते.

केंद्रात देवरे सरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरी प्रत?"

"हीच एक, सर."

परीक्षक दुपारी येणार होते. सरांनी फ्लॉपी उलटसुलट पाहिली आणि अचानक हसू लागले. "फुलवाले कुठले! आता कांदेवाल्याच्या हातात आली आहे, बघ."

पट्टीच्या कडेने त्यांनी वरचे कवच उकलले. आतली पातळ काळी चकती चिमटीत धरून तिच्यावरचे पाणी मऊ कपड्याने टिपले. भाग्यश्री ती खिडकीतल्या उन्हाकडे नेऊ लागली, तसे सर ओरडले, "उन्हात नाही! सावलीत, वाऱ्यावर! कांदा साठवताना चाळीत काय उन्हात घालतात?" चकती पंख्याखाली सुकली. मग एक कोरी फ्लॉपी उकलून तिच्या कवचात ती बसवली.

संगणकाने करकर आवाज केला. पडदा कोरा. पुन्हा करकर, आणि फायलींची नावे उमटली! दोघेही ओरडले. एकेक फाईल संगणकावर उतरू लागली. पण नेमकी पेट्यांचा क्रम लावणारी फाईल येईना. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच नकार.

"बाकी सगळं आलंय," सर म्हणाले. "एवढं लिहिशील?"

"लिहिते. मला टेम्पो दिसतोय, सर."

ती लिहीत सुटली. चुका निघत गेल्या, ती दुरुस्त करत गेली. जेवणाचा डबा तसाच राहिला. परीक्षक आत आले, तेव्हा प्रोग्राम नुकताच चालू लागला होता. त्यांनी क्रम पाहिला, मान हलवली आणि विचारले, "माल चढल्यावर घोटीची एक पेटी रद्द झाली तर?"

"तिच्या पुढच्या, दाराकडच्या पेट्या उतरवून खाली ओळीने ठेवायच्या, रद्द झालेली काढायची, आणि उतरवलेल्या परत चढवायच्या, सर. शेवटी उतरवली ती आधी." बोलता बोलता तिने ती मागणी रद्द केली. पडद्यावर नवा क्रम उभा राहिला, बिनचूक.

"म्हणजे दुसरा स्टॅक," परीक्षक म्हणाले.

"हो सर. रस्त्यावरचा."

त्या वर्षी भाग्यश्री उत्तीर्ण झाली. गोटीराम यांनी शब्द पाळला, आणि तिने पुढील अभ्यासक्रम पूर्ण केला.

एक गोष्ट मात्र निश्चित करता येत नाही. पेटी रद्द करण्याची सोय मूळ प्रोग्राममध्येही होती, असे देवरे सर म्हणतात; ती त्या दुपारीच सुचली, असे भाग्यश्री म्हणते. मूळ फाईल कधीच वाचता आली नाही आणि तिचा छापील उतारा कोणाकडेही नाही. फ्लॉपी भिजली नसती, तर परीक्षकांच्या त्या प्रश्नाला प्रोग्रामने उत्तर दिले असते की नाही, हे आज कोणालाही सांगता येत नाही.