बैठ्या घरात जिना उतरणारी पावलं

आमच्याकडे लिंबू-मिरची बाजाराच्या यादीत असते, दाराला टांगलेली नसते. मी डहाणूत एका शाळेच्या ऑफिसात काम करते, पन्नाशी आलीये, आणि कुठल्याही गोष्टीचं कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. या एका गोष्टीचं सापडलेलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

सुमनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तलासरीच्या बाजूला, हायवेपासून आत असलेल्या एका गावात आश्रमशाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. स्वतःच्या पगारातून तिथेच घर बांधलं – दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, वर कौलं. बैठं घर. माळा नाही, जिना नाही.

आम्हा दोघींचं व्यसन एकच, जुने ब्लॅक अँड व्हाइट रहस्यपट. धुकं, हवेली, आपोआप उघडणारं दार, कंदील धरलेला म्हातारा नोकर, पांढऱ्या साडीत गात फिरणारी बाई. २०१४ मध्ये कोणीतरी पेन ड्राइव्ह भरून दिला आणि तेव्हापासून माझा रविवार ठरून गेला. सकाळची बस, सोबत डबा, जेवण झालं की पिक्चर. इंटरव्हलच्या आत खुनी ओळखायचा. बहुतेक वेळा आत्याच जिंकायची.

"अगं मंगल, तो सर्दीवाला नाही गं. खुनी माणूस पिक्चरमध्ये कधी शिंकतो का?"

या सिनेमांत शेवटी सगळं उलगडतं. भूत म्हणजे काका निघतो, नाहीतर इस्टेटीचा मॅनेजर. मला तेच तर आवडतं.

२०१८ च्या हिवाळ्यापासून आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या लोकांना सांगायला नको. भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे, लोक थंडीत बाहेर तंबूत झोपायचे. आत्याच्या बाहेरच्या खोलीची भिंत वरून फुगली होती. मी हट्टच धरला, आता डहाणूला माझ्याकडे चल. आठवडेच्या आठवडे तिची समजूत काढली. शेवटी एका रविवारी ती कबूल झाली. औषधं, पासबुक, स्वेटर, सगळी बॅग मीच भरली. रिक्षावाल्याला संध्याकाळी यायला सांगितलं.

"तेवढा पिक्चर संपू दे," ती म्हणाली. "अर्ध्यावर सोडून मी कुठे येत नसते."

भर दुपार. सिनेमात हीरो हवेलीच्या दिवाणखान्यात उभा, आणि लाकडी जिन्यावरून कोणीतरी खाली येतंय. दिसतात फक्त बूट. टक... टक... टक... आणि लाइट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळा.

पावलं थांबली नाहीत.

आधी आम्ही हसलो. मग आत्याने माझ्याकडे पाहिलं. "लाइट गेलीये ना?"

"गेलीये."

"मग हा कोण उतरतोय?"

आवाज स्वयंपाकघराच्या बाजूने येत होता, वरून खाली. मग लाकडाचा आवाज संपला आणि फरशीवरचा सुरू झाला. आमच्या फरशीवरचा. कोणीतरी आमच्या समोरून, टीव्हीच्या पुढून, पडवीकडे निघालं होतं. दिसत काहीच नव्हतं.

मी गारठले. आत्या मात्र वर्गात ओरडावं तशी ओरडली, "कोण रे तू? थांब तिथेच!" – आणि त्याच्या मागे चालायला लागली. गुडघे दुखतात म्हणून एरवी पाणीसुद्धा जागेवर मागणारी बाई! मी तिची काठी घेऊन मागे धावले. आम्ही अंगणात आलो आणि पावलं थांबली.

मग जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला आणि धक्का बसला. कौलं निसटली. बाहेरच्या खोलीची ती फुगलेली भिंत आत कोसळली – आम्ही बसलो होतो त्या दोन्ही खुर्च्यांवर.

लाडकी, आत्याची शेजारीण, तिच्या अंगणात मिरच्या वाळवत होती. आत्याचीच जुनी विद्यार्थिनी. ती धावत आली. "बाई, तुला लागलं नाय ना?"

मी तिला विचारलं, आमच्या पुढे कोण बाहेर आलं?

"कोणीच नाय. तुम्ही दोघीच आल्या. पण तू कोणाला ओरडत होती, बाई?"

मी माझ्या परीने चौकशी केली. इन्व्हर्टर नव्हता. टीव्हीवाला म्हणाला, "बेन, लाइट गेली म्हणजे टीव्ही बंद. बस." भूकंपाआधीची गुरगुर असेल असं काही जण म्हणतात. असेलही. पण गुरगुर चारी बाजूंनी येते, खोलीतून चालत जात नाही. घरी येऊन तो सिनेमा पुन्हा लावला. त्यात बूटवाला अर्ध्या जिन्यावरच थांबतो, खाली येतच नाही.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण आत्या त्या संध्याकाळी रिक्षात बसलीच नाही.

"इथे मला बाहेर काढणारं कोणीतरी आहे. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तू तर घोरतेस."

भिंत बांधून घेतली, कौलं बसवली आणि ती तिथेच राहिली. "आत्या, भास होता," असं म्हणायला मी किती वेळा तोंड उघडलं. ती शांतपणे विचारते, "तू ऐकलंस की नाही?" मला खोटं बोलता येत नाही.

गेल्या रविवारी जेवताना धक्का बसला. फडताळातली भांडी खणखणली, कौलांतून माती ताटात पडली. मी उठून दाराशी पोचले आणि मागे पाहिलं. आत्या जागची हललीही नव्हती.

"आत्या, ऊठ!"

तिने हात वर करून मला गप्प केलं. स्वयंपाकघराकडे कान देऊन बसली होती.

"थांब गं," म्हणाली. "अजून पावलं कुठे आली?"