लालीचा पंजा

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तोही सतरा वर्षं फौजेत काढून. वर्गातली मुलं मला फौजीकाका म्हणतात. लढाईच्या गोष्टी सांगायला माझ्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ आहेत. माझ्याजवळ एका कुत्रीची गोष्ट आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

मी नाईक होतो, डॉग हँडलर. शेवटची पाच वर्षं उत्तरेकडच्या एका डोंगरी पोस्टवर काढली. माझी कुत्री लाली, लॅब्राडोर. पुरलेली स्फोटकं हुंगून शोधणं हे तिचं काम. सकाळी साडेपाचला केनल उघडायची. सहापर्यंत ब्रश. मग रस्ता तपासणी. लाली पुढे, मी मागे, माझ्यामागे बाकीचे.

मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता कुत्र्यांना फायरिंगच्या आवाजाची सवय करायची. वीस पावलांवरून एक जवान ब्लँक राउंड, म्हणजे गोळी नसलेली, नुसता आवाज करणारी काडतुसं, झाडायचा. कुत्र्यांनी हँडलरजवळ बसून राहायचं. लाली थरथरायची. तिच्या शेजारी राजा नावाचा कुत्रा बसायचा, तोही थरथरायचा. त्या संध्याकाळी दोघंही जेवत नसत.

एका शुक्रवारी लालीनं घाबरून माझ्या बुटावर पंजा ठेवला. नेमकं त्याच वेळी मॅगझिन संपलं. आवाज थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या राउंडला पुन्हा पंजा ठेवला.

मी फायर करणाऱ्या तोमरला म्हटलं, "मैं हाथ उठाऊँ तो रुकना. एक मिनट."

"कुतिया के हुकुम पर?"

"मेरे हुकुम पर."

"समझ गया, मेमसाब के हुकुम पर," तो हसला. पण थांबला.

तेव्हापासून तसंच ठरलं. लालीनं पंजा ठेवला की मी हात वर करायचा, आवाज बंद. मिनिटानं पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी तिनं नऊ वेळा थांबवलं. महिनाभरानं एकदाही नाही. पूर्ण मॅगझिन संपेपर्यंत कान ताठ करून बसायची आणि संध्याकाळी भांडं चाटूनपुसून साफ करायची.

राजाला मात्र फरक पडला नाही. आवाज दोघांना सारखाच होता, थांबायचाही एकाच वेळी. फक्त थांबवणारी लाली होती. राजाला वाटत असावं, आवाज स्वतःहून येतो आणि स्वतःहून जातो, आपल्या हातात काही नाही. पुढे पुढे तो थरथरेनासाही झाला, नुसता पडून राहायचा. शेवटी त्याला कामावरून काढलं.

आमचे सुभेदार साहेब कडक. त्यांनी एकदा लांबून पाहिलं आणि विचारलं, "फायर किसने रोका?"

"मैंने, साब. राइफल की स्लिंग ठीक करनी थी."

खोटं बोललो. कुत्र्याच्या सांगण्यावरून फायर थांबवतो, हे सांगायची हिंमत झाली नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा लाली यादव नावाच्या शिपायाकडे गेली. हँडिंग-ओव्हरला तीन दिवस असतात. जुना हँडलर नव्यासोबत राहतो आणि रजिस्टरात सगळं लिहितो: पट्टा, ब्रश, भांडं, कुत्र्याला कळणारे हुकूम, सवयी, खोडी. मी सगळं लिहिलं. डाव्या कानाला हात लावलेला चालत नाही, हेही लिहिलं. पंज्याचं लिहिलं नाही. खाली सुभेदार साहेबांची सही लागायची. यादवलाही सांगितलं नाही. मला वाटलं, आता ती पंजा ठेवतच नाही, म्हणजे तिला गरज उरली नाही.

वडनेरला घरी येऊन पाच आठवडे झाले होते. हिंगणघाटच्या कॉलेजात नाव घातलं होतं. दुपारी एक वाजता जेवायला बसलो आणि यादवचा फोन आला.

"उस्ताद, लाली खाना छोड़ रही है."

"फायरिंग में क्या करती है?"

"पहले जूते पर पंजा रखती थी. मैंने डाँटकर छुड़वा दिया. अब चुपचाप लेटी रहती है."

मी त्याला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "उस्ताद, मैं सिपाही हूँ. मेरे हाथ उठाने से फायर नहीं रुकेगा."

"सुभेदार साब को बता. मेरा नाम लेकर बता."

बाबा समोर बसून ऐकत होते. "काऊन रे, भाकर थंडी होऊन राह्यली."

"भूक नाई, बाबा."

"सतरा वर्ष बंदुकीले भेला नाई, अन् आता फोनले भेऊन राह्यला," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "लय जीव होता काय तिचा तुह्यावर?"

मी युनिटच्या ऑफिसला फोन लावून लालीकडे येऊ का विचारलं. क्लार्क म्हणाला, तुम्ही आता सिव्हिलियन आहात, पोस्टवर येता येणार नाही. डॉक्टर बघत आहेत. पोस्टवर बर्फ पडला होता आणि यादवचा फोन लागेना. मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला लावायचो. अकरा दिवस.

त्याच दिवसांत मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी सांगितलं, त्रास सारखाच असला तरी तो आपल्याला थांबवता येतो असं ज्या प्राण्याला ठाऊक असतं, तो जास्त टिकतो. मुलांनी लिहून घेतलं. मला लिहिता आलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी हिंगणघाटच्या बसस्टँडवर उतरत होतो. फोन वाजला, तो सुभेदार साहेबांचा होता. त्यांनी मला आधी कधीच फोन केला नव्हता.

"लाली आज सुबह पाँच बजे गई. आखिर में निमोनिया हो गया था."

मी "जी साब" म्हटलं.

"यादव ने बताया, उसी दिन मैंने फायरिंग बंद करवा दी थी. देर हो चुकी थी." मग त्यांनी विचारलं, "रजिस्टर में क्यों नहीं लिखा?"

मी खरं सांगितलं. "आप साइन नहीं करेंगे, ऐसा लगा, साब."

"कर देता," ते म्हणाले.