आज माझा बूम दिलीपने धरला

मित्रांनो, आज मुक्ताईनगरला पत्रकार परिषद होती. आम्हा टीव्हीवाल्यांची एक रीत आहे. चॅनल वेगळं असलं तरी ज्याचे हात अडकलेत त्याचा बूम, म्हणजे चॅनलचं नाव लावलेला माईक, दुसऱ्याने धरायचा.

सवयीने मी दुसऱ्या चॅनलच्या, धुळ्याच्या दिलीपला म्हणालो, "दे तुझा बूम, धरतो."

"कालच कुरियरने परत धाडला. चॅनलने फोनवरच कामावरून काढलं मला," तो हसत म्हणाला. "तुना दे, मी धरस. मना हात मोकळाच शे."

कोणीही धरला तरी माझ्या फ्रेममध्ये बूम कधी हलत नाही. आज तो सारखा थरथरत होता. मी शूटिंग थांबवलं नाही.

दुपारी चॅनलच्या डेस्कवरून फोन आला. "केवढा हलतोय बूम! कोणी धरला होता?"

"मीच. हात हलला माझा."

दिलीप शेजारीच बसला होता, पुढ्यातला चहा गार झालेला. तो म्हणाला, "भाऊ, उद्या जळगावले येऊ ना?"

"ये" म्हणालो खरा. पण उद्या तिथल्या पत्रकार परिषदेच्या दारावर त्याला विचारतील, चॅनल कोणतं? तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहून मी काय बोलू? तुम्हाला सुचत असेल तर सांगा.