ठाणेदाराचं घोरणं

माझ्या मोठ्या साडूंनी ज्याला थक्क केलं नाही असा माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात नसेल. मी वरोऱ्याचा शाळामास्तर. कापूस आणि सोयाबीन पाहत वाढलेला, सरळ रेषेत चालणारा माणूस. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी दर दिवाळीच्या सुटीत मुलचेऱ्याकडच्या त्यांच्या गावी गेलो की माझा आ वासलेला तो परत एसटीत बसेपर्यंत मिटत नाही. त्यांना किलोमीटर ठाऊक नाहीत, ते अंतर बिड्यांत मोजतात. तलाव अर्धी बिडी, धानाची बांधी एक बिडी, एसटीचा थांबा दोन बिड्या. एकदा मी विचारलं, "आणि अहेरी?" तर साडू गंभीरपणे म्हणाले, "अहेरीले बिड्यांचा अख्खा कट्टा घेऊन जा लागते जी." तलावात मासे धरायला उतरताना ते तळ्याला नमस्कार करतात, म्हशीला "अवो बाई" म्हणतात आणि कुत्र्याचं नाव त्यांनी ठाणेदार ठेवलं आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "लहानपनी पाहाले पायजे होता, प्रत्येकाची चौकशी करे."

या ठाणेदाराची आणि माझी खरी ओळख झाली ती तो म्हातारा झाल्यावर. एका दुपारी जेवून मी त्यांच्या पडवीत खाटेवर आडवा झालो होतो. नुकताच डोळा लागला आणि खाटेखालून गुरगुर सुरू झाली. साधीसुधी नव्हे, खाटेची दोरी थरथरावी अशी. आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावात वाघाने बैल मारल्याचं जेवताना ऐकलं होतं. मी कमरेचा टॉवेल सावरत जो उडालो तो थेट अंगणातल्या तणसाच्या ढिगावर, आणि तिथून सगळ्या देवांना हाका मारू लागलो. अर्धं गाव जमलं. साडू शांतपणे बिडी पेटवत म्हणाले, "अजी मास्तर, उतरा ना खाली. ठाणेदार हाये. घोरून राह्यला."

कुत्रा म्हातारपणी घोरतो हे मला त्या दिवशी कळलं. त्या घोरण्याला कामावर लावता येतं हे पुढच्या दिवाळीत कळलं, आणि मी पुन्हा हतबुद्ध झालो. झालं होतं असं की धानात दाणा भरला की जंगलातली डुकरं येतात, आणि घरटी एक माणूस रात्री बांधीवर जागलीला, म्हणजे राखणीला जातो. ठाणेदाराला चालवत नव्हतं, आणि त्याला एकट्याला घरी ठेवणं साडूंना पटत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला सायकलच्या मागे मासोळीच्या टोपलीत बसवून नेलं. कुत्रा बांधीतल्या मचाणासारख्या माळ्याखाली घोरत पडला, वर माळ्यावर साडूही गाढ झोपले. सकाळी पाहतात तर डुकरांच्या पायांचे ठसे चिखलात बांधापर्यंत आलेले आणि तिथूनच माघारी वळलेले! साडूंनी ते ठसे मला बोटाने दाखवले. "मास्तर, जागं कुत्रं भुकते, त्याले डुक्कर भेत नाई. झोपलं कुत्रं वाघ होते."

मग काय विचारता! गावात ठाणेदाराची पाळी लागली. आज याच्या बांधीवर, उद्या त्याच्या. एकाने मोबाइलमध्ये घोरणं भरून नेलं, पण डुकरांनी दोन दिवसांत ते ओळखलं म्हणे. खरा ठाणेदारच हवा. ज्याची पाळी असेल त्याने त्याला जेवू घालायचं असा रिवाज पडला. कुणी झिंग्यांचं कालवण, कुणी मरळीचं डोकं, कुणी कोंबडी आणि वर भाताची परात. कुत्रा फुगत चालला. जितका फुगला तितका जोरात घोरू लागला, आणि जितका जोरात घोरला तितकं त्याला जास्त जेवायला मिळू लागलं. थंडीत त्याला गारठा लागू नये म्हणून सगळे त्याच्या तोंडाशी ओल्या लाकडांची शेकोटी करत. साडू उरलेल्या वेळात शेजारी बसून बिड्या ओढत आणि पोराचा निकाल ऐकावा तसं ते घोरणं ऐकत. "आज तर पार डोंगरापर्यंत गेला आवाज," असं म्हणून माझ्याकडे अभिमानाने पाहत.

गेल्या वर्षी मी गावात असताना गुरांना लस टोचायला तालुक्याचे डॉक्टर आले. पडवीत चहा पीत असताना त्यांचं लक्ष ठाणेदाराकडे गेलं. तो घोरत होता, आणि घोरता घोरता एकदम थांबला. पोट हलेना. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग एक मोठा आचका देऊन त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाला.

"असा थांबतो का नेहमी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दम घेते जी मधात," साडू कौतुकाने म्हणाले.

"भाऊ, त्याला दमच घेता येत नाहीये. म्हातारपणी घसा सैल पडतो. त्यावर एवढी चरबी, वर हा धूर. वजन उतरवा, धुरापासून लांब ठेवा, डोकं जरा उंच ठेवून झोपवा. आणि तपासायला दवाखान्यात आणा. नाहीतर एक दिवस झोपेतच जाईल."

साडूंचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. आपण ज्याची वाहवा केली ते त्या मुक्या जिवाचं गुदमरणं होतं, हे त्यांच्या आत कुठेतरी रुतलं असावं. हातातली बिडी त्यांनी पडवीच्या कडेला विझवली. खिशातला कट्टा काढून चुलीत टाकला. मला वाटलं, नाटक आहे, संध्याकाळी नवा कट्टा येईल. आला नाही. आठ दिवसांनी माझ्या मेव्हणीबाईंचा फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "अजी भाऊ, लगन झाल्यापासून मी सांगून राह्यली, बिडी सोडा. माह्या खोकल्यानं सुटली नाई, कुत्र्याच्या घोरन्यानं सुटली! चूलबी मागं परसात नेली."

पाळ्या बंद झाल्या. लोक रागावले, एकाने बोलणंही सोडलं. साडूंनी ऐकलं नाही. कुत्र्याला मोजून भात, आणि त्याच्यासमोर आपण ताटभर कसं खावं म्हणून स्वतःलाही मोजूनच. दर महिन्याला टोपलीतून दवाखान्याची वारी.

या दिवाळीत गेलो. थांब्यावर घ्यायला आले तेव्हा मी सवयीने विचारलं, "घर किती बिड्या?" ते जरा थांबून म्हणाले, "आता मोजता येत नाई जी. चाला, घर येईन तवा येईन." वाटेत त्यांची बांधी लागली. कडेचं सगळं धान डुकरांनी लोळवलं होतं. "अहो, एवढं नुकसान! काऊन नेलं नाही त्याला?" माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा आली.

"धान पुढच्या साली येते, मास्तर."

दुपारी त्याच खाटेवर पडलो, आणि झोपच येईना. इतकी शांतता त्या पडवीत मी कधी ऐकली नव्हती. घाबरून खाली वाकून पाहिलं. ठाणेदार बारीक झाला होता, मान साडूंच्या घडी घातलेल्या शालीवर. शेजारी साडू मांडी घालून बसलेले, तळहात त्याच्या पोटावर.

"आदी आवाज ये, तर कळे हाये म्हनून," ते हळूच म्हणाले. "आता आवाज नाई. हात ठेवून पाहा लागते."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा तुमी ठेवा हात. मी पानी पिऊन येतो." मी खाली उतरलो आणि हात ठेवला. पोट वर आलं, खाली गेलं. मग तसंच राहिलं. मी माझाही श्वास रोखला. शेवटी ते पुन्हा हळूच वर आलं.

"हाये ना जी?" आतून आवाज आला.

"आहे, आहे," मी म्हणालो. साडू पाणी पिऊन परत आले तरी मी हात काढला नाही.