इंदूबाईंचं रक्त

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका बाईच्या रक्ताविषयी मी खोटं लिहिलं, आणि लिहिताना ते मला कळत होतं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या वर्षांत अमरावतीला माझी रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. गरमीच्या रोगासाठी, म्हणजे सिफिलिससाठी — नाव घेतलं तरी माणसं मान खाली घालत — रक्तातलं पाणी आणि औषध नळीत हलवून उजेडाशी धरायचं. दाट कण दिसले तर रोग, नळी स्वच्छ राहिली तर नाही. पण अगदी पुसट कण दिसले तर? तिथेच वाद होता. अमरावतीचे एक मोठे डॉक्टर म्हणत, कण म्हणजे रोग. अकोल्याचे डॉक्टर म्हणत, हिवतापानंतर निरोगी रक्तातही असे कण दिसतात. महिन्याने पुन्हा तपासा.

दोघांकडूनही मला काम येई. मग मी काय केलं? पुसट नळी अमरावतीच्या डॉक्टरांची असली की ‘दोष आहे’. अकोल्याच्या डॉक्टरांची असली की ‘दोष नाही’. दोघेही माझ्यावर खूश होते.

इंदूबाई अकोटहून सासूबरोबर आल्या. दोनदा गर्भ राहून गेला होता, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. नवऱ्याचं रक्त कोणी मागितलं नाही — मी तरी कुठे मागितलं?

मी सुई काढत असताना त्या म्हणाल्या, “भाऊ, सेमाडोहले मावशीकडं गेली होती, तं मले हिवताप झाला. त्याचं तं काही निघनार नाही ना यात?”

“तुले कावून पंचाईत?” सासू म्हणाली. “त्यायले त्यायचं काम करू दे.”

मी सुईच्या जागी कापूस दाबला. नळी पुसट निघाली. मी ‘दोष आहे’ लिहिलं.

सासरच्यांनी त्यांना पातूरला भावाच्या दारात आणून सोडलं. महिनाभराने भाऊ त्यांना घेऊन पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी नळी स्वच्छ होती — पाण्यासारखी. तेव्हा तरी मी बोलायचं की नाही? पण पहिला निकाल चुकला म्हटलं तर डॉक्टर मला काम देतील का, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, औषधाने साफ झालं असेल.

“मी तं औषधाची एक सुई घेतली नाही,” इंदूबाई म्हणाल्या.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “कधी कधी रोग दडून बसतो.”

त्यानंतर त्याने बहिणीकडे पाहिलंच नाही. नवऱ्याने दुसरी केली.

पातूरला जायला मला कितीतरी वर्षं लागली. काय करत होतो मी तेवढी वर्षं? — रक्त तपासत होतो. आता केस पांढरे झालेल्या इंदूबाई ओसरीच्या टोकाला मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा वेगळा ठेवलेला गिलास होता. मी कोण, ते त्यांनी लगेच ओळखलं. मी खाली बसून, हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. “एवढं हळू कावून बोलता?” त्या म्हणाल्या. “आत वयनी हाय. भाऊ हाय. जोरानं सांगा.”

मी उभा राहिलो. घराच्या दाराकडे तोंड केलं. मग शेजारच्या दारातली माणसंही वळून पाहतील एवढ्या मोठ्याने म्हणालो, “यांच्या रक्तात कधीच दोष नव्हता. मला माहीत होतं. खोटं मी बोललो — दोन्ही वेळा. इंदूबाई, मी तुमचा अपराधी आहे.”